भरलेली कानस भंगारात टाकण्याआधी एकदा उजेडात धरून बघा

उद्यमनगरी (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून आमच्या शेजारच्या शेडमध्ये आवराआवर चालली होती. मी सहज डोकावलो तर दाराशी भंगाराचं पोतं उघडं पडलेलं आणि त्यात वरच सात कानशी (धातू घासायच्या फाइली). एक बारा इंची चपटी बास्टर्ड (जाड दात्यांची), दोन दहा इंची अर्धगोल, एक गोल, दोन त्रिकोणी आणि एक सहा इंची स्मूथ (बारीक दात्यांची). मालकांना विचारलं, ह्या का काढल्या? म्हणाले, "घसरतात रे. पोरांनी ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर मारल्या, आता लोखंड धरत नाहीत." किलोच्या भावानं जाणार होत्या. मी मागून घेतल्या.

त्या सात कानशींवर गेले तीन आठवडे संध्याकाळी थोडं थोडं काम केलं. ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे दर वर्कशॉपमधून अशा कानशी पोत्यानं बाहेर जातात आणि त्यातल्या बऱ्याचशा मेलेल्या नसतात.

माझे वडील फिटर होते. कानस हातात घेतली की ते पहिल्यांदा खिडकीशी जायचे. म्हणायचे, आधी ठरव, झिजलीय का भरलीय. कानस डोळ्याच्या थोडी खाली, उजेडाकडे तिरकी धरायची आणि हळूहळू फिरवायची. दात्यांच्या टोकांवर पांढरी चकाकी रेघेसारखी दिसली, तर टोकं बोथट झालीत. ती चकाकी नाही, पण दोन दात्यांच्या मधली चर दिसत नाही, तिथे चांदीच्या टिकल्यांसारखं काही बसलंय किंवा काळा चिकटा आहे, तर ती भरलीय. माझ्या सातांपैकी एका त्रिकोणी कानशीच्या तिन्ही कडा आरशासारख्या चमकत होत्या. ती बाजूला ठेवली. बाकी सहा भरलेल्या होत्या, वर गंज.

भरण्याचं कारण साधं आहे. कानशीचा प्रत्येक दाता म्हणजे एक छोटी छिन्नी. तिनं काढलेला कीस समोरच्या चरीत मावतो आणि पुढच्या फेरीला गळून पडतो. बीड (ओतीव लोखंड) कोरडं, त्याची भुकटी होते, ती गळते. ॲल्युमिनियम मऊ आणि चिकट. त्याचा कीस चरीत दाबला जातो, पुढचा कीस त्याच्यावर बसतो, आणि शेवटी तो दात्याच्या उंचीला येतो. मग दाता कामाला टेकतच नाही, मधला ॲल्युमिनियमचा गोळा टेकतो. म्हणून घसरते. शिवाय हे गोळे जॉबवर, म्हणजे घासायच्या वस्तूवर, खोल ओरखडे काढतात, ते वेगळंच.

आता सफाई. आधी केरोसीनमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्या, सकाळी कपड्याच्या पावडरीच्या गरम पाण्यात ब्रशनं घासल्या. तेलकटपणा गेल्याशिवाय पुढचं काहीच लागू पडत नाही. मग तारेचा ब्रश. ब्रश दात्यांच्या चरीच्या दिशेनं, म्हणजे तिरका मारायचा. आडवातिडवा मारला तर टोकं जातात.

ब्रशनं वरवरचं निघालं, टिकल्या हलल्या नाहीत. त्याला वडिलांचा उपाय केला. जुन्या पितळी बिजागरीचं एक पान घेतलं, त्याची कड ऐरणीवर ठोकून पातळ केली. ही कड चरीच्या दिशेनं दाबून ढकलत न्यायची. पहिल्या चार-पाच वेळा काहीच होत नाही, पितळच झिजतं. पण झिजता झिजता त्या कडेवर कानशीचेच दाते उमटतात, कंगव्यासारखे, नेमके त्याच मापाचे. मग तो कंगवा चरीच्या तळापर्यंत शिरतो आणि टिकल्या पुढे लोटत नेतो. कागदावर टप टप पडायला लागतात. एकेक टिकली तांदळाच्या कणीएवढी. पितळ मऊ असल्यानं दात्याला काही होत नाही. पोलादी सुई किंवा स्क्रूड्रायव्हर मात्र वापरू नका.

बारा इंचीच्या एका बाजूला मला पाऊण तास लागला. दुसरी बाजू जास्तच गच्च होती, तिथे कॉस्टिक सोडा वापरला. प्लॅस्टिकच्या बरणीत एक लिटर पाणी, त्यात पन्नासेक ग्रॅम सोडा, कानस आत, झाकण लावून ठेवली. ॲल्युमिनियम फसफसून विरघळून गेलं, पोलादाला काही झालं नाही. नंतर भरपूर पाण्यानं धुऊन गंजासाठी सायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर, हेच आपलं किराणा दुकानातलं लिंबूफूल, लिटरला पन्नास ग्रॅम. सकाळी काढली तर अंगावर काळी पूड, ती ब्रशनं निघाली. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, उकळतं पाणी ओतून, लगेच उन्हात वाळवली आणि तेलाचा हात दिला.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कानस कधीही जाळून साफ करू नका. मी सतरा वर्षांचा असताना वडिलांच्या एका कानशीत रंग भरला होता, मी तो ब्लोलॅम्पनं जाळला. रंग गेला, पण पातं निळं पडलं. पोलाद निळं पडलं म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास गेलं, आणि तेवढ्यात दात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. दिसायला कानस स्वच्छ, पण लोखंडावर दोन हात मारले की टोकं बसली. वडील रागावले नाहीत. ती कानस त्यांनी खिळ्याला टांगून ठेवली, ती अजून तिथेच आहे.

तुमच्याकडे काय करता ते लिहा.

प्रयोगवही

उद्यमनगरी, लेख फार चांगला आहे, पण एका ठिकाणी मला लगेच थांबवावंसं वाटतं. कॉस्टिकच्या बरणीला झाकण लावू नका. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम यांची क्रिया होते तेव्हा हायड्रोजन वायू निघतो आणि द्रावण स्वतःच तापतं. तापलं की क्रिया आणखी वेगानं होते. बंद बरणीत दाब वाढला तर झाकण उडेल आणि ते गरम कॉस्टिक थेट तोंडावर येईल. डोळ्याला कॉस्टिक हे ॲसिडपेक्षाही वाईट, ते आत शिरत जातं.

कृपया असं करा. उघडं भांडं, अंगणात किंवा गच्चीवर, जवळपास विडी, शेगडी, वेल्डिंग काही नको. भांडं प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं, ॲल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नाही, ते भांडंच खाल्लं जाईल. आधी थंड पाणी, त्यात सोडा थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे. बुडबुडे थांबले की ॲल्युमिनियम संपलं असं समजा. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा, डोळ्यात गेलं तर तसंच धुऊन लगेच डॉक्टरांकडे. आणि कॉस्टिकमधून काढलेली कानस नीट धुतल्याशिवाय ॲसिडच्या भांड्यात घालू नका.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

ताई, मनापासून आभार. माझ्या हातून चूक झाली होती. वर लिहिलेलं तसंच ठेवतो, म्हणजे तुमची सूचना का आली ते वाचणाऱ्याला कळेल. आज बरणीचं झाकण फेकून दिलं आणि शेडमधल्या पोरांनाही सांगून आलो.

हिशेबी

विचारतो म्हणून राग मानू नका. बारा इंची नवी कानस काहीशे रुपयांत मिळते. तुमचे पाऊण पाऊण तास, केरोसीन, सोडा, लिंबूफूल, सगळं धरलं तर हिशेब बसतो का? कारागिराला तासाला जे मिळतं त्यात नवीनच आली असती.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

प्रश्न योग्य आहे. पाऊण तास पहिल्या बाजूला लागला, हात बसला नव्हता म्हणून. शेवटच्या कानशीला वीस मिनिटं लागली. कॉस्टिक आणि लिंबूफुलात माझा वेळ जातच नाही, त्या आपल्या आपण पडून असतात. आणि सगळ्या एकाच वेळी बुडवता येतात.

पण खरा हिशेब वेगळा आहे. शेजारच्या शेडमध्ये कानस महिन्याभरात बाद होते. तीच कानस दर जॉबनंतर अर्धा मिनिट ब्रश मारला आणि ॲल्युमिनियमवर जाण्याआधी खडू फासला तर वर्ष सहज काढते. खडू चरीत आधीच बसतो, कीस त्याच्यावर बसतो, दोन्ही मिळून ब्रशनं निघतात. म्हणजे सफाई शिकल्यानं भरणंच थांबतं.

सूतगिरणीवाला (इचलकरंजी)

कानशीच्या ब्रशबद्दल सांगतो. बाजारात तारेचे ब्रश मिळतात त्यांच्या तारा लांब आणि लवचिक, त्या चरीत न शिरता वरून घसरतात. कानशीला आखूड, ताठ, वाकलेल्या तारांचा ब्रश लागतो. त्याला फाइल कार्ड म्हणतात, आणि ते "कार्ड" म्हणजे आमच्या गिरणीतलं कार्डिंग. कापूस पिंजून विंचरायच्या मशीनवर कापडी पट्टीत रोवलेल्या बारीक वाकड्या तारा असतात, तीच चीज.

मी गिरणीत बावीस वर्षं होतो. कार्डिंग मशीनच्या फ्लॅट्सवरच्या, म्हणजे वरच्या दांड्यांवरच्या, या पट्ट्या झिजल्या की बदलतात आणि जुन्या निघतात. त्यातली वीतभर पट्टी लाकडाच्या फळीवर बारीक खिळ्यांनी ठोका, मागे मूठ करा. तारा वाकलेल्या असतात, त्यामुळे ब्रश एकाच दिशेनं ओढायचा, उलटा नाही. सूतगिरणीत कुणी ओळखीचं असेल तर विचारा, वाया गेलेल्या पट्ट्यांना कुणी नाही म्हणत नाही.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

काका, हे मला माहीतच नव्हतं! रविवारी येऊ का?

सूतगिरणीवाला (इचलकरंजी)

या की. पट्टी माझ्याकडे घरातच आहे. जेवायलाच या.

हुपरीकर

आमचं चांदीचं काम. आमच्याकडे कानस भरते, पण भरलेलं कुणी टाकत नाही. कानशी झटकायच्या त्या कागदावर किंवा मांडीवरच्या चामड्यावर, आणि तो कीस वेगळ्या डब्यात. दुकानातला केरसुद्धा जपून ठेवतात, झारेकरी येऊन तो घेऊन जातो आणि धुऊन, आटवून त्यातून धातू काढतो. लहानपणी आजोबा सांगायचे, कानशीला फुंकर मारू नको, फुंकरीत चांदी उडते.

त्यामुळे आमच्या बारीक कानशी फक्त पितळी पट्टीनं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ होतात. कॉस्टिक, ॲसिडला आम्ही हात लावत नाही.

एक सूचना मात्र सगळ्यांसाठी. कानशी धातूनुसार वेगळ्या ठेवा. आमच्यात तर हा नियमच आहे, कारण शिशाचा कण चांदीवर राहिला आणि डाग द्यायला (सांधायला) ती तापवली की शिसं चांदीत शिरून खड्डा पाडतं. सोन्यालाही तेच. मुठींना रंग लावून ठेवा, लाल पितळेची, निळी लोखंडाची, पांढरी ॲल्युमिनियमची, जशी सोयीची वाटेल तशी.

गोट्या_फिटर

व्हिडिओत दाखवतात की ॲसिडमध्ये ठेवली की बोथट कानसही नव्यासारखी धारदार होते. खरं आहे का? माझ्याकडे दहा-बारा पडल्यात.

प्रयोगवही

अर्धं खरं. ॲसिड गंज खातं, आणि गंजाखाली जी धार शाबूत होती ती उघडी पडते. थोडंसं पोलादही खातं, त्यात टोकांवरची बारीक वळलेली कोर निघून जाते, म्हणून हाताला एकदम खरखरीत लागते. पण ॲसिडला दाता कुठला आणि चर कुठली हे कळत नाही, ते सगळीकडे सारखंच खातं. टोक सपाट झालं असेल तर ते पुन्हा टोकदार होणार नाही. जास्त वेळ ठेवली तर उलट धार मरेल.

जुना_बाजार

ताईंचं बरोबर. आमच्या भागात पूर्वी झिजलेल्या कानशी पुन्हा टाकवून आणत. कानस भट्टीत लाल करून सावकाश निववायची म्हणजे मऊ होते, जुने दाते घासून सपाट करायचे, छिन्नीनं एकेक दाता नव्यानं पाडायचा आणि परत पाणी द्यायचं. इंग्लंडात शेफिल्डला हे काम हातानंच चालायचं. कानस शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून छिन्नी मारायची, म्हणजे खालच्या बाजूचे दाते दबत नाहीत. त्या शिशानं तिथल्या कारागिरांना विषबाधा व्हायची, हातच लुळे पडायचे.

आमची आई कानशीकडे बघून म्हणायची, ही तर पाट्यासारखीच, टाकी लावली की पुन्हा चालेल. टाकीवाली बाई "टाकीऽऽये" करत दारात यायची, पाटा-वरवंट्याला टाकी लावून जायची, आणि दुसऱ्या दिवशीची चटणी वेगळीच लागायची.

मिऱ्याबंदर

आमच्या रत्नागिरीत जे. के. फाइल्सचा कानशींचा कारखाना, त्यामुळे कानशीबद्दलचे शब्द लहानपणापासून कानावर. इंचावर आणि कटवर दोन्हीवर लक्ष ठेवा. बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ हे दाते जाड का बारीक ते सांगतात, पण लांबीप्रमाणे तेही बदलतं. सहा इंची बास्टर्डचे दाते बारा इंची बास्टर्डपेक्षा बारीकच. त्यामुळे उद्यमनगरींची सहा इंची स्मूथ पितळी पट्टीनं साफ करताना पट्टीची कड अगदी पातळ लागेल.

आणि कोकणातला पाऊस बघता माझा अनुभव असा की साफ केलेली कानस तशीच उघडी ठेवली तर आठ दिवसांत तांबूस. मी कापडी पिशवीत एकेकीला वेगळा कप्पा शिवलाय आणि पेटीत कापराच्या दोन वड्या टाकतो. कानशीवर कानस आपटली की दाता दात्याला मारतो, हे विसरू नका. ड्रॉवरमध्ये एकावर एक टाकून निम्म्या कानशी वापराविनाच बोथट होतात.

थळाचा_माणूस (बीड)

हितं सगळे कारखान्यातले दिसतात, मी शेतातली कानस सांगतो. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक कोयत्यामागं एक कानस असते. आई-वडील दर हंगामाला जायचे, मी पण दोन हंगाम गेलोय. दिवसातनं किती तरी वेळा कोयता घासावा लागतो. हातावर उसाचा रस, कोयत्यावर रस, तो कानशीत जातो आणि त्यात माती आणि लोखंडाचा कीस मिसळून काळा गुळासारखा थर बसतो. मग कानस धरत नाही. केरोसीननं तो निघत नाही, कितीही घासा.

आईनं शिकवलेलं साधं. चहाचं उरलेलं उकळतं पाणी घ्यायचं, त्यात कानस पाच मिनिटं धरायची. साखरच ती, विरघळून जाते. मग चुलीपुढं धरून वाळवायची, पण आर लागेल इतकी जवळ नाही. मग गोडं तेल बोटावर घेऊन पुसायची. ती म्हणायची रसाची कानस रात्री तशीच ठेवली तर सकाळी गंज, म्हणून झोपायच्या आधी हे व्हायचंच. दिवसभर ऊस तोडून, गाडी भरून आल्यावर सुद्धा. आईची कानस अजून घरात आहे, अर्धी रुंदी झिजलीय पण एकही चर भरलेली नाही.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. चिकटा कशाचा आहे ते बघून पाणी, केरोसीन का सोडा ते ठरवायचं, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. तेल-ग्रीसला केरोसीन, साखरेला गरम पाणी, ॲल्युमिनियमला पितळ नाहीतर कॉस्टिक, गंजाला लिंबूफूल.

सागवानी

लाकडाचं मी सांगतो. लाकडाच्या जाड दात्यांच्या कानशीत सागाचं तेल आणि फेव्हिकॉल मिळून जे बसतं ते गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर ठेवलं की फुगतं आणि ब्रशनं निघतं. देवदाराचा डिंक असेल तर टर्पेंटाईन. कानशीचे दाते लाकडात चालतात म्हणून मऊ समजून तारेचा ब्रश जोरात घासू नका.

आणि मुठीबद्दल कुणीच बोललं नाही. भंगारातल्या कानशीला नव्वद टक्के वेळा मूठ नसते, आणि शेपटीवर (मुठीत बसणाऱ्या निमुळत्या टोकावर) फडकं गुंडाळून काम करतात. कानस अडकली की ती शेपटी सरळ तळहातात घुसते. आमच्या एका पोराला सहा टाके पडले. बाभळीचा तुकडा घ्या, तोंडाला तांब्याच्या नळीचं कडं बसवा म्हणजे चिरणार नाही, शेपटीपेक्षा थोडं लहान भोक पाडा. मग शेपूट भोकात घालून मूठ खाली करून लाकडी ठोकळ्यावर आपटायची. कानशीला हातोडा मारायचा नाही, ते पोलाद काचेसारखं, तुकडा डोळ्यात उडतो.

नेकारकाठी (स्टुटगार्ट)

मी इथे जर्मनीत मेकॅट्रॉनिक्सचं शिकाऊ प्रशिक्षण घेतलं. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) बाजूला उभं असताना आम्हाला सुरुवातीचे कित्येक दिवस फक्त लोखंडाचा ठोकळा कानशीनं सपाट करायला लावलं. पुढे ढकलताना दाब, मागे येताना उचलून. मागे घासत आणली तर दात्याची पाठ कामाला घासते आणि धार जाते. आपल्या आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्येही हेच शिकवतात. मास्तर जॉब तपासायच्या आधी आमची कानस तपासायचे. चरीत कीस दिसला तर जॉब न बघताच परत.

गोट्या_फिटर

म्हणजे माझ्या दहा-बारातल्या चमकणाऱ्या गेल्या, असंच ना?

उद्यमनगरी (कोल्हापूर)

गेल्या नाहीत, काम बदललं. माझी ती चमकणारी त्रिकोणी मी ग्राइंडरवर घासून स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) केला. तिन्ही बाजूंचे दाते काढायचे, टोकाकडे तीन धारा आणायच्या. घासताना सारखी पाण्यात बुडवत राहायची, निळी पडू द्यायची नाही. बेअरिंगच्या बुशची कोर काढायला त्याच्यासारखं काही नाही. फक्त एक सांभाळा, कानशीची छिन्नी किंवा लेथवर लाकूड कातायचं हत्यार तसंच करू नका. पाणी न उतरवलेलं ते पोलाद झटक्यानं तुटतं.

हुपरीकर

उद्यमनगरी, एक करून बघा. साफ करायच्या आधी आणि नंतर एकाच पट्टीवर पन्नास पन्नास हात मारा, पडलेला कीस दोन पुड्यांत बांधा आणि तोला. आमच्याकडे बारीक काटा आहे, घेऊन या. मग ॲसिडनं किती आणि पितळी पट्टीनं किती, हे भांडण मिटेल.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

मंडळी, उशीर झाला. रविवारी इचलकरंजीला काकांकडे जाऊन पट्टी आणली (काकूंच्या हातचं जेवण वेगळं लिहायला हवं), ब्रश केला, आणि काल हुपरीत काट्यावर बसलो. एक अर्धगोल मुद्दाम न धुता ठेवली होती.

तशी भरलेली असताना पन्नास हातांची पुडी इतकी हलकी की काटा जेमतेम हलला. कार्डाच्या ब्रशनं आणि पितळी पट्टीनं साफ केल्यावर पुडी चौपटीहून जड. त्याच कानशीला रात्रभर लिंबूफुलात ठेवून पुन्हा तोललं तर आणखी थोडंसं वाढलं, फार नाही. शेजारी नवी कानस मारली, तिची पुडी या शेवटच्या पुडीपेक्षा जड होतीच. म्हणजे ताईंचं म्हणणं काट्यावर उतरलं. एकाच कानशीवर आणि माझ्याच हातानं केलेलं आहे, तरी पुड्या शेजारी शेजारी बघितल्यावर मला तरी शंका राहिली नाही.

सातांचा निकाल असा. बारा इंची बास्टर्ड, दोन्ही अर्धगोल आणि दुसरी त्रिकोणी, या चारही लोखंड धरतात. गोल कानशीला गंजाचे खड्डे पडलेत, ती भोकाची कोर काढण्यापुरती ठेवलीय. सहा इंची स्मूथ पितळेवर छान चालते, लोखंडावर नाही, म्हणून तिच्या मुठीला लाल रंग दिला.

बारा इंची मी परत शेजारच्या शेडमध्ये नेऊन दिली, बाभळीची मूठ बसवून, सोबत एक ब्रश आणि खडूचं खोकं. ज्या पोरानं ती भरली होती त्याच्याच हातात दिली. त्यानं व्हाइसमध्ये चौकोनी पट्टी बांधली आणि हात मारला. नवीन कानशीचा तो करकर आवाज असतो ना, दाता धरल्याचा, तोच आला. तो थांबला, कानस उलटी करून खिडकीकडे धरली आणि चरी बघायला लागला. मी त्याला बघायला सांगितलं नव्हतं.

सूतगिरणीवाला (इचलकरंजी)

अजून तीन वीत पट्टी शिल्लक आहे. कुणाला हवी असेल त्यानं इथेच सांगा.

गोट्या_फिटर

काका, मला एक.

थळाचा_माणूस (बीड)

मला पण. आईच्या कानशीला.